भूगोल घ्यावा की न घ्यावा?

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस आले की वृत्तपत्राच्या कचेरीत येणाऱ्या टपालाचे स्वरूप पालटते. खड्ड्यांच्या आणि नळाच्या पाण्याच्या तक्रारी काही काळ मागे पडतात व चिंताग्रस्त पालकांची पत्रे त्यांची जागा घेतात. यंदा आलेल्या अशा पत्रांपैकी एकाचा जाहीर विचार करावा, असे आम्हांस वाटते. पत्रलेखक फोंडा तालुक्यातले आहेत. त्यांची कन्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इतिहास हा मुख्य विषय घेऊन शिकावयास गेली असून विद्यापीठालगतच्या फतेगंज भागात राहते. दुय्यम विषयाचा रकाना तिने अद्याप भरलेला नाही. तिचा ओढा भूगोलाकडे आहे. वडिलांना मानसशास्त्र किंवा संगणकाशी संबंधित काही हवे आहे. इतिहास घेऊन मुलीने एक अव्यवहारीपणा केलाच आहे, त्यावर आणखी भूगोलाची भर कशासाठी, असा त्यांचा सवाल आहे.

सवाल घरगुती दिसतो, पण तो आज हजारो घरांत पडलेला आहे. पूर्वीच्या पदवी अभ्यासक्रमात दुय्यम विषयाला फारसे मोल नसे. ज्याची गाइडे बाजारात सहज मिळतात आणि ज्याचे परीक्षक हात सैल सोडतात, तो विषय घ्यावा, असा साधारण शिरस्ता होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आखलेल्या चौकटीने हे चित्र बदलले. तीन वर्षांच्या पदवीचे एकूण १२० श्रेयांक. त्यांतले ६० मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे. म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा या 'दुय्यम' म्हणविल्या जाणाऱ्या विषयाचा असतो. तरुणपणाचा एवढा काळ ज्या विषयास द्यावयाचा, त्याची निवड शेजारच्या मुलाने काय घेतले यावरून होऊ नये.

भूगोलाविषयी आपल्या समाजात एक खोल बसलेली तुच्छता आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. शाळेत तो 'इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र' या सामासिक शब्दाच्या मध्यभागी अंग चोरून बसलेला असतो. दहावीच्या वर्षी गणित-विज्ञानाला शिकवणी असते. भूगोलाला आदल्या रात्रीची जागरणे पुरतात. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे महाराष्ट्रात शालान्त परीक्षेचा शेवटचा, भूगोलाचा पेपर प्रथम पुढे ढकलण्यात आला आणि नंतर रद्दच करण्यात आला. इतर विषयांच्या सरासरीवरून गुण देऊन मंडळ मोकळे झाले. परिस्थिती अपवादात्मक होती आणि मंडळाचा निर्णय योग्यच होता. पण त्या बातमीने घरोघरी जो आनंद झाला, त्यात परीक्षा टळल्याच्या सुटकेबरोबर विषय टळल्याची सुटकाही होती, असे आमचे मत आहे. 'त्याचा इतिहास-भूगोल मला ठाऊक आहे' असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा त्याची कुळकथा सांगतो. त्याच्या गावाचा उतार कोणीकडे आहे, हे त्या भूगोलात कधीच नसते.

हा अनादर केवळ आपल्याकडचा आहे, असेही नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९४८ मध्ये भूगोलाचे स्वतंत्र अध्यापन बंद करून टाकले. हा विषय विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला साजेसा आहे काय, अशीच शंका तेथील धुरीणांना होती. त्यांचे अनुकरण इतरांनीही केले. त्याच हार्वर्डला २००६ मध्ये भौगोलिक विश्लेषणासाठी नवे केंद्र उघडावे लागले. मधल्या काळात उपग्रह आले, संगणकावर नकाशे रचता येऊ लागले, आणि रोगांच्या साथी काय किंवा निवडणुका काय, 'कोठे' हा प्रश्न विचारल्यावाचून त्यांचा अभ्यास पुढे सरकेना.

आमच्या गोव्याला तर भूगोलाच्या अभावाचा अनुभव निराळ्याच रीतीने आला. पोर्तुगीज आमदानीत सरकारी शाळांतून शिकणाऱ्या मुलांना तेजू आणि दोरू या पोर्तुगालमधल्या नद्यांची माहिती घोकावी लागे. दाराशी वाहणारी म्हादई त्या पुस्तकात उपरी होती. परकी सत्तेला प्रजेचा इतिहास नकोसा असतो, हे सर्वांना समजते; तिला प्रजेचा भूगोलही नकोसा असतो, हे तितकेसे ध्यानात येत नाही. ज्या माणसाला आपली नदी कोठे उगम पावते आणि आपली जमीन कोणत्या पाण्यावर पिकते हे ठाऊक आहे, त्याला ती जमीन आपली वाटते. १९ डिसेंबर १९६१ नंतर पाठ्यपुस्तके बदलली, नद्यांची नावेही बदलली. घोकंपट्टी मात्र जशीच्या तशी राहिली.

आता पत्रलेखकांच्या घराजवळचेच उदाहरण घेऊ. फोंडा म्हणजे जुना अंत्रूज महाल. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवस्थाने तेथे आहेत आणि ती मूळची तेथली नाहीत, हे गोव्यातल्या प्रत्येक हिंदू घरातले मूल जाणते. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश पोर्तुगिजांच्या हाती गेले. पुढे १५६० च्या सुमारास देवळांवर गंडांतर आले, तेव्हा कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. हा झाला इतिहास. पण देव अंत्रुजातच का आले, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'तेथे पोर्तुगीज नव्हते' एवढ्यावर थांबते.

नकाशा समोर ठेवला की उत्तर भरत जाते. कुठ्ठाळी जुवारीच्या काठी आहे आणि केळशी तेथून फार लांब नाही. नदीच्या पलीकडच्या अंगाला, पूर्वेकडे, अंत्रूज; त्यावर अंमल आदिलशहाचा. होडीने रात्रीच्या अंधारात गाठता येईल इतके ते जवळ, आणि मधे पात्र व सत्तेची हद्द असल्यामुळे पाठलाग अवघड व्हावा इतके ते दूर. शिवाय देव नदीच्या उघड्या काठावर ठेवले गेले नाहीत. आत, डोंगरांच्या कुशीत, जेथे झऱ्याचे पाणी बारमाही आहे आणि त्या पाण्यावर सुपारी-नारळाची कुळागरे उभी राहू शकतात, अशा दऱ्या त्यांच्यासाठी निवडल्या गेल्या. देवळाला उत्पन्न हवे, सेवेकऱ्यांना अन्न हवे आणि तळीला पाणी हवे. ज्यांनी ती जागा पाहिली त्यांनी भूगोलाची पदवी घेतलेली नव्हती. त्यांना तो अंगभूत होता. हा महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ मध्ये, तब्बल दोन शतकांनी, आणि तोवर धर्मांतराचा पहिला आवेश ओसरलेला होता. मुलीने इतिहासाबरोबर भूगोल घेतला तर वडिलांनी तिला लहानपणी सांगितलेली हीच कथा ती अधिक खोलवर समजून घेईल. मानसशास्त्र घेऊन ते साधणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला जुवारी ओलांडावी लागत नाही.

इतिहासाला भूगोलाची जोड देणाऱ्यांत गोव्याचेच सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते व्यवसायाने गणिती. इतिहास हा त्यांचा मुख्य विषय नव्हता आणि भूगोल तर कोणत्याच रकान्यात नव्हता. तरीही पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी पायी तुडविल्या, धनगरांच्या वाटा कोठून जातात ते पाहिले, आणि देवींची ठाणी या वाटांच्या छेदांवर का येतात याचा माग काढला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात त्यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादींतल्या गावकरी संस्थेवर लिहिले आहे. त्यांची सर्वच अनुमाने आम्हांस मान्य आहेत असे नाही. परंतु ग्रंथालयात बसून जे दिसत नाही ते चालून दिसते, हे त्यांनी सिद्ध केले, याबद्दल दुमत होऊ नये.

आणि योगायोग असा की त्याच १९५६ साली, ही कन्या जेथे शिकते त्या बडोद्याच्या विद्यापीठाने आणखी एक तसाच ग्रंथ प्रसिद्ध केला. पुरातत्त्व विभागाचे प्रमुख बी. सुब्बाराव यांचा 'द पर्सनॅलिटी ऑफ इंडिया'. भारतात संस्कृती कोठे रुजल्या, कोठून कोठे गेल्या आणि कोणते प्रदेश या वाहत्या रस्त्यांपासून बाजूला राहिले, याचा उलगडा त्यांनी नद्यांची खोरी, पठारे आणि खिंडी यांच्या आधारे करू पाहिला. काही प्रदेश माणसांना सतत ओढून घेतात, काही अर्धवट अलग राहतात आणि काही अगदी कोपऱ्यात पडतात, ही त्यांची मांडणी. तिच्यावर नंतर पुष्कळ टीका झाली. निसर्गाला ते फार मोठा वाटा देतात, हा त्या टीकेचा मथितार्थ आणि त्यात तथ्य आहे. पण आज त्या विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या मुलीने हा ग्रंथ वाचलाच नाही, तर आपण कोणाच्या अंगणात शिकलो हेच तिला कळणार नाही.

सुब्बारावांनी बडोदे शहरातही उत्खनन केले. विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावर अंकोट्टक नावाचे प्राचीन नगर होते. आजचे अकोटा ते हेच. १९५१ मध्ये तेथे जैन धातुमूर्तींचा प्रसिद्ध साठा सापडला. या नगराला नदीच्या पुरांचा उपद्रव होऊ लागल्यावर वस्ती पूर्वेकडच्या उंचवट्यावरील वडपद्रक या गावाकडे सरकली, असे अभ्यासकांचे मत आहे. वडपद्रकाचे वडोदरे आणि त्याचे आपल्या जिभेवर बडोदे झाले. म्हणजे ज्या गायकवाडी नगराचा मराठी माणसाला एवढा अभिमान, त्याची जागा मुळात एका नदीने ठरवून दिलेली आहे.

ती नदी अजून आपला शब्द राखून आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. काठच्या वस्त्यांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली, आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या. शहरातला पाऊस ओसरल्यावरही पाणी हलेना, याचे कित्येकांना नवल वाटले. नवल वाटण्याचे कारण नव्हते. विश्वामित्रीचा उगम शहरात नाही; ती पावागडच्या डोंगरातून येते. सयाजीराव महाराजांनी १८९० च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी बांधविलेल्या आजव्याच्या तलावाचे जादा पाणीही तिच्याच पात्रात येते. शहरात शिरल्यावर जमीन जवळजवळ सपाट, नदी नागमोडी आणि पुढे समुद्राकडे उतार बेताचा. अशा नदीला पसरण्यासाठी निसर्गाने दोन्ही अंगांना घळी व कोतरे ठेवलेली असतात. ती भरून त्यांवर इमारती उठविल्या, की नदी तेवढे पाणी दिवाणखान्यात आणून ठेवते. २०१९ च्या जुलै महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका दिवसात सुमारे ५० सेंटिमीटर पाऊस पडून बडोदे बुडाले होते. मधली पाच वर्षे शहर ते विसरून गेले. २०२४ नंतर मात्र पात्र रुंद करण्याचे व गाळ उपसण्याचे काम २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. ते कितपत पुरे पडते, हे पुढचे मोठे पाऊस सांगतील.

फतेगंजकडून विद्यापीठाच्या आवारालगत एक नाला विश्वामित्रीकडे जातो. गुजरातीत अशा नाल्याला कांस म्हणतात, आणि या कांसचे नाव आहे 'भूखी'. हजारो विद्यार्थी तिच्यावरच्या मोऱ्यांवरून रोज ये-जा करतात. तिला हे नाव कोणी आणि का दिले असेल, ती कोठून येते, तिचे पाणी कोणत्या पातळीला अडते आणि मागे फिरते, हे विचारावेसे वाटणारा त्यांतला एखादाच असेल. तो एखादा विद्यार्थी इतिहासाचा असो की वाणिज्याचा, त्याने भूगोल दुय्यम विषय म्हणून जरूर घ्यावा. ज्याला विचारावेसेच वाटत नाही, त्याने घेतला नाही तरी देशाचे नुकसान नाही.

पत्रलेखकांची नोकरीची चिंता आम्ही हसण्यावारी नेत नाही. केवळ दुय्यम विषय म्हणून भूगोल घेतल्याने नोकरी मिळते, असे जो सांगेल तो फसवीत आहे. २४ श्रेयांकांत कोणी नकाशातज्ज्ञ होत नाही. परंतु संगणकाचा त्यांचा आग्रह आणि मुलीचा भूगोलाचा ओढा यांत ते समजतात तेवढे वैर राहिलेले नाही. आजचा भूगोल बऱ्याच अंशी संगणकावर चालतो. उपग्रहचित्रे वाचणे आणि भौगोलिक माहितीप्रणाली हाताळणे हा त्याचा भाग आहे. नकाशे तयार करण्यावरची बरीचशी सरकारी बंधने २०२१ मध्ये उठली आणि २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले, त्यामुळे या कामाला खाजगी क्षेत्रातही वाट मोकळी झाली आहे. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनात इतिहासाच्या मांडीला मांडी लावून भूगोल बसलेला असतो. इतिहासाची पदवीधर मुलगी नकाशा रचू शकते, ही गोष्ट उद्या एखाद्या वस्तुसंग्रहालयात, नगररचना कार्यालयात किंवा आमच्यासारख्या वृत्तपत्रातही तिच्या कामी येईल.

आणि अशा माणसांची आम्हां किनारपट्टीवासीयांना किती निकड आहे, हे वेगळे सांगावयास नको. २०२१ मध्ये गोव्याच्या किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्यावर जनसुनावणी झाली. आराखडा चेन्नईच्या संस्थेने केलेला. खाजन जमिनी, त्यांचे बांद, भरतीचे पाणी अडविणाऱ्या मानशी, वाळूच्या टेकड्या, मासेमारांच्या जागा यांच्या नोंदी नकाशात अपुऱ्या किंवा चुकीच्या आहेत, अशा हरकती गावोगावच्या लोकांनी घेतल्या. गोव्यात १७ ते १८ हजार हेक्टर खाजन आहे. शतकानुशतके गावकऱ्यांनी खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून ती जमीन राखली. हरकती घेणाऱ्यांपैकी अनेकांना आपले खाजन पावलापावलाने ठाऊक होते, पण भरतीरेषा नकाशावर कशी आखतात ते ठाऊक नव्हते. आखणाऱ्यांना रेषा ठाऊक होती, खाजन ठाऊक नव्हते. दोन्ही जाणणारे आमचे पदवीधर त्या सभागृहात किती होते?

म्हादईचेही तेच. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. नदीचे पाणलोट क्षेत्र २,०३२ चौरस किलोमीटर. त्यातले १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. हे आकडे सभांतून उच्चारले जातात, टाळ्याही घेतात. पाणलोट म्हणजे काय, आणि वरच्या अंगाला वळविलेले पाणी खाली खाडीतल्या खारटपणावर काय परिणाम करते, हे मतदाराला समजावून सांगू शकेल असा वक्ता मात्र विरळा. भावनेने लढे उभे राहतात हे आम्ही जाणतो. ते लवादापुढे टिकतात ते मोजमापाने.

तेव्हा आमचे मत, भूगोल घ्यावा. पण डोळे मिटून नव्हे. बडोद्याच्या विद्यापीठात भूगोल विभाग विज्ञान विद्याशाखेत आहे आणि इतिहास कला विद्याशाखेत. शाखांमधल्या भिंती नव्या धोरणाने पाडल्या, असे कागद सांगतो. वेळापत्रकाने त्या पाडल्या आहेत की नाहीत, हे मुलीने रकाना भरण्यापूर्वी दोन्ही कचेऱ्यांत जाऊन विचारावे. दोन विषयांचे तास एकाच वेळी येत असतील तर सगळा विचार व्यर्थ आहे. दुसरे असे की दुय्यम विषयाच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीस नेतात काय आणि नकाशाचे प्रात्यक्षिक त्यांच्या हातून करवून घेतात काय, हे वरच्या वर्गातल्या मुलांकडून जाणून घ्यावे. माहितीपुस्तकावर विसंबू नये. वर्षभर फळ्यावर व्याख्या आणि अखेरीस गाइड, असाच प्रकार असेल तर वडिलांचे ऐकून मानसशास्त्र घेतलेले बरे. कारण असा भूगोल तिने शाळेत एकदा सोसलेला आहे.

प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी तिला आपली स्वतःची परीक्षा घ्यावयाची असेल तर तीही सोपी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे बडोद्याचे नकाशापत्र मिळवावे, त्यावर फतेगंज शोधावे आणि भूखीचा माग नदीपर्यंत काढावा. मग रस्त्यातल्या जुन्या दुकानदारांना विचारावे की २०१९ ला पाणी कोणत्या पायरीवर होते आणि २०२४ ला कोणत्या. त्या खुणा नकाशावर मांडाव्यात. यात दोन दुपारी गेल्या आणि त्या कशा गेल्या ते कळले नाही, तर रकान्यात भूगोल लिहावा. कंटाळा आला तर लिहू नये. मात्र पावसाची झड लागलेली असताना पार काठावर जाऊ नये. विश्वामित्रीतल्या मगरी काठावर येतात.